बासष्ट टक्क्यांचे आबा

दहावीचा निकाल लागला की आमच्या परंडा तालुक्यात तीन तऱ्हेचे बाप दिसायला लागतात. पहिला नव्वदच्या पुढचा. तो घरीच असतो, कारण लोक त्याच्याकडे येतात आणि क्लासवाल्यांचे फोन घ्यायला घरात कुणीतरी लागतंच. दुसरा नापास पोराचा. तोही घरीच. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरला, पोराला दोन शिव्या घातल्या की त्याचा विषय संपला. तिसरा मात्र घरात सापडत नाही. आज सकाळच्या गाडीनं बार्शी, उद्या धाराशिव, परवा लातूर. काखेत फाइल, वरच्या खिशात पोराचे पासपोर्ट साइज फोटो, आणि मागं चार पावलांवर, ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय ते पोरगं, मान खाली घालून. हा साठ-बासष्ट टक्क्यांचा बाप.

याला आपण आबा म्हणू. आबा एक नसतात. जून महिन्यात परंड्याच्या स्टँडवर उभे राहा, तासाभरात चार-पाच आबा हाती लागतील. त्यांतले एक गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, माझ्या वाट्याला आले. मी जन्मभर मास्तरकी केलेला, म्हणजे ॲडमिशनचं मला सगळं कळतं असा त्यांचा समज. काय कळतं ते त्यांनी कधी विचारलं नाही. ते फक्त सांगायला यायचे.

आबांची शेती सीनेच्या काठानं. निम्मा ऊस, निम्मी तूर-सोयाबीन. पण त्यांचा खरा लौकिक जनावराच्या पारखीचा. बैल आदत आहे, दोनदाती आहे की जुळलेला, हे मालकानं तोंड उघडायच्या आत आबा सांगणार. खांदा बघणार, खूर बघणार, चालताना मागचा पाय कुठं पडतो ते बघणार. बाजाराला जाताना लोक त्यांना मुद्दाम सोबत नेतात. आता माणसाला एक विद्या आली की तो ती सगळीकडे वापरून बघतो. आबांनी ती कॉलेजांवर वापरली, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा ती बरोबर लागू पडली. 

पोराला मिळाले ५०० पैकी ३१२. मार्कमेमोवर आकडा एकच, ६२.४०, पण आबांच्या तोंडी तो माणूस बघून बदलायचा. भावकीत विचारलं तर, "पासष्टाच्या म्होरं जात होता, पर भूमितीचा पेपरच अवघड काढला." सासुरवाडीला, "सत्तरला जरा कमी." कॉलेजच्या गेटवर नुसतं, "फस्क्लास हाय." आणि फीचं बोलणं निघालं की, "कसलं काय साहेब, साठात हाय, गरिबाचं लेकरू." एकदा पोराच्या मामानं चुलत्यालाही त्याच कॉलवर घेतलं आणि दोघांनी एकदम टक्के विचारले. आबांनी रेंज गेल्याचं सोंग केलं आणि फोन खिशात टाकून पुढं तासभर बोलणं टाळलं.

गंमत अशी, की आबांच्या घराण्यात साठ कुणी बघितलेच नव्हते. आबा स्वतः दहावीला इंग्रजीत गेले ते पुन्हा बसलेच नाहीत. निकालाच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी अर्धा किलो पेढे आणले होते, पण चौकातला क्लासवाल्यांचा फ्लेक्स बघितला (९९.२०, ९८.६०, ९८.४०, एकेकाच्या गळ्यात हार) आणि पेढ्याचा पुडा पिशवीत तसाच घरी नेला. घरच्यांनीच खाल्ले. वहिनी म्हणाल्या ते मला फार आवडलं: "दोनशे ग्रॅम चेरमनच्या घरी तरी द्यायचे व्हते. त्येंच्या पोराला सत्तावन हायत."

२०२५ च्या दहावीत राज्यात २११ पोरांना शंभर टक्के गुण पडले. त्यांतली ११३ एकट्या लातूर विभागाची. परंडा लातूर बोर्डातच येतं, त्यामुळं हा आकडा पेपरात वाचल्यापासून आबांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"सर, निम्म्याच्या वर आपलीच की! लातूरच्या पाण्यात कायतरी हाय."

मी म्हणालो, "आबा, २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी मिरजेहून रेल्वेनं आणलं होतं."

आबांनी क्षणभर विचार केला. "मग मिरजंला कॉलेज कसं हाय?"

त्याच निकालातला दुसरा आकडा कुणी फ्लेक्सवर लावला नाही. शंभर टक्केवाल्यांत पहिला आलेला लातूर विभाग पासाच्या टक्केवारीत नऊ विभागांत आठवा होता. विभागाचे ९२.७७ टक्के, राज्याचे ९४.१०. लातूर पॅटर्न वरच्या पोराला आणखी वर नेतो, आणि ते काम तो चोख करतो, त्यात वाद नाही. पण ज्याला मुळात पाय रोवायला जागा हवी त्याच्यासाठी तो पॅटर्न बेतलेलाच नाही. हे बापाला समजावणार कसं? पेपरात फोटो वरच्यांचेच येतात. बासष्टवाल्याचा फोटो दोनच ठिकाणी असतो, प्रवेशाच्या फॉर्मवर आणि आधार कार्डावर, आणि आधारवरचा तर त्याच्या आईलाही ओळखू येत नाही.

आता फाइल. बटणाची, निळ्या प्लॅस्टिकची, तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून घेतलेली. तिच्यात टीसी, मार्कमेमो, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, रहिवासी, रेशन कार्ड, प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. शिवाय आबांनी स्वतःच्या अकलेनं घातलेली कागदं: पोराचं चौथीतल्या धावण्याचं प्रमाणपत्र, ग्रामपंचायतीचं घरपट्टी भरल्याचं पत्र, सोसायटीचा बेबाकी दाखला. "हे कशाला?" म्हटलं तर, "असू द्या की. मागितलं तर?" मध्येच कुणीतरी कानात सांगितलं की प्रकल्पग्रस्ताला वेगळ्या जागा असतात. आबांना आठवलं की सीना-कोळेगाव धरणात चुलत्याचं वावर गेलंय. त्यामागं आठ दिवस गेले. शेवटी कळलं, दाखला चुलत्याच्या नातवाच्या नावानं आधीच निघालेला आहे आणि तो नातू अंगणवाडीत आहे.

या फाइलवर हसू नका बरं. सप्टेंबरात सीना कोपली, तालुक्यात पाणी गावांत शिरलं, तेव्हा आबांनी आधी दावणीची जनावरं सोडली आणि दुसऱ्या खेपेला घरात जाऊन आणली ती ही फाइल. टीव्ही राहिला, बियाण्याचं पोतं राहिलं. सोसायटीचा बेबाकी दाखला कोरडा राहिला.

सल्लागारांची आबांना कधी वाण पडली नाही. सत्त्याण्णव टक्क्यांच्या पोराला कुणी सल्ला देत नाही, सगळे त्याचा सल्ला घेतात. बासष्टवाल्याला मात्र सल्ला द्यायला पंचविशीपासून पंचाहत्तरीपर्यंत कुणीही लायक असतो. मेव्हणा चाकणला कंपनीत, तो म्हणाला, "डिप्लोमा करा मेकॅनिकलचा, मी चिकटवतो इकडं." सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "सायन्सच घ्या, फुडं सगळे रस्ते मोकळे ऱ्हातेत." हे वाक्य महाराष्ट्रात इतक्या वेळा बोललं गेलंय की ते आता कायद्यात घालायला हरकत नाही. रस्ते मोकळे राहतात हे खरं. पण त्या मोकळ्या रस्त्यावर पोरगं दोन वर्षं चालणार कसं, हे सांगणारा चेअरमन मला भेटलेला नाही. इंजिनिअरिंगला जायचं तर बारावीला पीसीएममध्ये खुल्या गटाला ४५ आणि राखीव गटाला ४० टक्के लागतात, सीईटी वेगळीच. दहावीच्या गणितात ज्यानं कसेबसे अडतीस काढले त्याच्यापुढं इंटिग्रेशन ठेवायचं आणि म्हणायचं, बाळा, सगळं मोकळं आहे!

सल्ला न देणारा एकच निघाला, आबांचा थोरला भाचा. तो डी.एड. झालेला. एक काळ होता, आमच्याकडे पोरगं बरं निघालं की डी.एड., कारण दोन वर्षांत नोकरी आणि नोकरी लागली की लग्न. मग गावोगाव कॉलेजं निघाली, २०१२ साली शिक्षकभरतीला खीळ बसली आणि पवित्र पोर्टलवरून पहिल्या नेमणुका व्हायला २०१९ उजाडलं. तोवर भाच्यानं ठिबकचं दुकान टाकलं होतं. डी.एड.ची लाट ओसरली, इंजिनिअरिंगची आली, मग फार्मसीची, आता पोलीसभरतीच्या अकॅडमीची. प्रत्येक लाटेत आमच्या तालुक्यातली पोरं शेवटच्या डब्यातून चढली आणि गाडी थांबल्यावर उतरली. भाचा आबांना एवढंच म्हणाला, "मामा, ज्या कालिजासमोर लई बॅनर हायत तिकडं नका जाऊ." आबा म्हणाले, "ह्येला जगाचा अनुभव न्हाई."

मोठं काही परंड्यात टिकत नाही, ही आबांची आणखी एक धारणा. तिला ऐतिहासिक आधारही आहे. विजापूरच्या बुरुजावर जी मुलूख मैदान तोफ बघायला लोक जातात ती आधी आमच्या किल्ल्यात होती. १५४९ साली अहमदनगरला ओतली, परंड्याला आली आणि १६३२ मध्ये विजापूरकरांनी ती ओढून नेली. बैल, हत्ती आणि शेकडो माणसं लागली म्हणतात. आबांचं म्हणणं, "तोफसुद्धा हितं ऱ्हायली न्हाई, पोरगं कशाला ठिवायचं?" मी म्हणालो, तोफेला अकरावी-बारावी नव्हती. ते त्यांना पटलं नाही.

तर कॉलेजदर्शन सुरू झालं. यात आबांना तोड नव्हती.

कॉलेजात शिरले की ते ऑफिसकडे जातच नसत. आधी इमारतीला एक फेरी. मुतारीला पाणी आहे का, नळाला तोटी आहे का, वर्गातल्या बाकांवर धूळ किती. एका ठिकाणी प्रयोगशाळेच्या कुलपावरच बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट तांबडं. कुलूप कित्येक महिने उघडलेलं नव्हतं. मग शिपाई गाठायचा. प्राचार्य नाही, क्लार्क नाही, शिपाईच. "मालक बैलाची खोड सांगत नसतो सर. गडी सांगतो." शिपायाला तंबाखू द्यायची, त्याचं गाव विचारायचं, नात्याचा कुठलातरी धागा काढायचा, आणि मग हळूच, "मास्तर रोज येतेत का?"

एका ठिकाणी शिपाई म्हणाला, "येतेत की. सही करायला."

आबा लगेच माघारी. पोराला खूण केली, चल.

दुसऱ्या ठिकाणी शिपायानं सांगितलं, "फिजिक्सचे सर रोज येतेत, पर शिकवताना कुणाकडं बगत न्हाईत. कॉमर्सच्या बाई लई कडक. त्येंच्या तासाला पोरं दारात बसत न्हाईत, वर्गात बसतेत." हे कॉलेज आबांना मनातून आवडलं. गावापासून पाऊण तास, इमारत जुनी, फलकावरची दोन अक्षरं गळालेली, पण नळाला पाणी, लायब्ररीत माणूस आणि सकाळी सातला कुलूप काढलेलं. मी त्यांना म्हणालो, आबा, हेच घ्या. तुमच्या पारखीनं तुम्ही एवढी कॉलेजं तपासलीत, अशी शिपायाला विचारणारी समिती मी आजवर बघितली नाही. आबा हसले. "घ्यायचंच हाय. पर लगी व्हय म्हणायचं नसतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. सगळा घोळ याच वाक्यात आहे.

मधल्या एका दिवशी शहरातल्या एका मोठ्या क्लासच्या ऑफिसात आम्ही गेलो. एसी, काचेचं टेबल, पाण्याची सीलबंद बाटली. समोर काउन्सिलर म्हणून विशी-बाविशीतली मुलगी, ओठांवर न संपणारं हसू. तिनं आधी पोराला विचारलं, "तुझं ध्येय काय आहे?" पोरानं बापाकडे बघितलं, बापानं माझ्याकडे, मी बाटलीकडे. मग ती 'इंटिग्रेटेड' समजावू लागली. नाव एका कॉलेजात, शिकवणं यांच्या क्लासात, कॉलेजात फक्त प्रॅक्टिकल आणि परीक्षा. आबांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी बैल एकाच्या दावणीला आन वैरण दुसऱ्याची?"

"तसंच समजा काका."

"मग शेण कुणाचं?"

मुलीचं हसू पहिल्यांदाच थांबलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत यशाची हमी लिहिली होती. केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये क्लासवाल्यांसाठी सूचना काढल्या, त्यांत सोळाच्या आतली पोरं घेऊ नका आणि मार्कांची हमी देऊ नका असं स्पष्ट म्हटलंय. ते मी बोलून दाखवणार होतो, पण आबा भावावर आले होते. मुलीनं दोन वर्षांचा आकडा सांगितला. आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, टेबलावर पसरला आणि त्याखाली हात घालून तिला म्हणाले, "बोला." बाजारात भाव असाच ठरतो, टॉवेलखाली बोटं दाबून, शेजारच्याला कळू न देता. ती बिचारी खुर्चीसकट मागं सरकली. आम्ही बाहेर पडलो तेव्हा सीलबंद बाटली आबांच्या पिशवीत होती. ती न उघडता सोडून येणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

आता फॉर्म. त्या वर्षी पहिल्यांदाच अकरावीचे प्रवेश अख्ख्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. आधी ते मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा शहरांपुरते होते. आमच्याकडे टीसी आणि मार्कमेमो टेबलावर आपटला की नाव लागायचं. आता शंभर रुपये भरून नोंदणी, भाग एक, भाग दोन, आणि कमीत कमी एक ते जास्तीत जास्त दहा कॉलेजांचा पसंतीक्रम. नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बसलं आणि सगळं काही दिवस पुढं गेलं. सेतू केंद्रातला पोरगा दर अर्ध्या तासानं ओरडायचा, "सर्व्हर डाऊन!" आणि दारात बसलेले सगळे आबा एकदम तंबाखू काढायचे.

जागा मिळेल की नाही, या धास्तीनं आबांची झोप उडाली होती. खरं तर धास्तीचं कारणच नव्हतं. राज्यात अकरावीच्या जागा वीस लाखांच्या वर, आणि दहावीची नियमित पास झालेली पोरं साडेचौदा लाख. जागा पोरांना शोधत होत्या. पण हे आकडे कुणी सेतू केंद्राच्या दारावर चिकटवत नाही. तिथं चिकटवलेलं असतं, 'उधार मागू नये'.

भाग दोन भरायला आबा स्वतः बसले. पोरगं मागं उभं. शाखा? पोरानं तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "सायन्स." मग कॉलेजं. आणि पहिल्या ओळीत आबांनी नाव सांगितलं त्या कॉलेजाचं, जिथं मास्तर सही करायला येतात!

मी उडालोच. "आबा, हे तुम्हीच नापास केलं होतं ना?"

आबांनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली. "सर, ज्या बैलावर डोळा हाय त्येच्याकडं बगायचं नसतं. शेजारच्या बैलाची दातं मोजायची, भाव काढायचा. मग जाता जाता म्हणायचं, ह्येचं काय? आपल्या पसंतीचं कालिज मी दोन नंबरला टाकलंय. पयल्या नंबरला टाकलं आसतं तर त्येनला कळलं आसतं आपल्याला गरज हाय."

मी त्यांना समजावलं. कॉम्प्युटर भाव करत नाही. तो वरून खाली वाचतो आणि जिथं मार्क बसतात तिथं नाव घालतो. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद. आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आयुष्यात एक शेळीही विकत घेतलेली नाही. ते खरंही आहे. सेतूवाल्या पोरानं फॉर्म लॉक केला.

जूनअखेर यादी लागली. अर्थातच पहिली पसंती. बासष्ट टक्क्यांना सहीवाल्या कॉलेजानं दोन्ही हातांनी मिठीत घेतलं. तिथं कटऑफ म्हणजे पासाचा दाखला.

पुढचे आठ दिवस आबांनी वेबसाइटशी भांडण्यात घालवले. वेबसाइट भेटत नाही हे त्यांचं मोठं दुःख होतं. "कुणीतरी मालक आसंल की! पुण्यात आसंल, मुंबईत आसंल. समोर बसवा, मी बोलतो." हेल्पलाइनला फोन लावला, तिथल्या बाईंनी नियम वाचून दाखवला. आबा म्हणाले, "ताई, त्ये म्या तोंडदेखलं लिव्हलं व्हतं." बाईंनी नियम पुन्हा वाचला. ॲडमिशन घेतली नाही, नियमित फेऱ्यांतून नाव गेलं, आणि पोरगं सर्वांसाठी खुल्या फेरीची वाट बघत घरी बसलं. जुलैभर ते गोठ्यात दिसायचं, मोबाइल हातात, चेहरा निवांत. गावात आबा सांगायचे, "मुद्दाम थांबवलंय. मागच्या फेरीत चांगली सुटतेत."

खुल्या फेरीचा फॉर्म भरायला पुन्हा तेच सेतू केंद्र. भाग दोन उघडला आणि आबांच्या लक्षात आलं की उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स संपली आहे. ती कुणी मागितली नव्हती, पण फाइलमधलं एक पाकीट रिकामं आहे हे त्यांना सहन होईना. ते समोरच्या दुकानात गेले. तिथं लाइट गेली होती. तेवढ्यात सेतूवाल्यानं, मागं रांग वाढत होती म्हणून, सरळ पोराला विचारलं, "शाखा कुठली?"

दोन महिन्यांत त्या पोराला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला होता. विचारणाऱ्यात मीही नव्हतो.

"कॉमर्स."

"कॉलेज?"

पोरानं आबांच्या मनातल्या त्याच जुन्या इमारतीचं नाव घेतलं. सेतूवाल्यानं विचारलं, दुसरं? पोरगं म्हणालं, "दुसरं नगं. तिथं सकाळी सातला गाडी हाय, दीडला माघारी हाय. दोघं दोस्त हायत." सेतूवाल्यानं ओटीपी मागितला. मोबाइल पोराकडेच होता. फॉर्म लॉक.

आबा झेरॉक्स घेऊन आले तेव्हा सगळं उरकलं होतं. कॉमर्स ऐकल्यावर ते खाली बाकावर टेकले. "कॉमर्स? आरं, आपल्या घरात दुकान कुठंय?" पोरगं काही बोललं नाही. थोड्या वेळानं आबांनी कॉलेजाचं नाव विचारलं, ते ऐकलं, आणि उठून सेतूवाल्याला म्हणाले, "त्येच टाकायला सांगितलं व्हतं मी."

पोरगं आता सातच्या गाडीनं जातं. विद्यार्थ्यांच्या मासिक पासाला एसटी ६६.६७ टक्के सवलत देते. या घरात साठाच्या घरातून बाहेर न पडता मिळालेला हा सगळ्यात मोठा आकडा, असं वहिनी म्हणतात. कॉमर्सच्या बाई खरोखरच कडक आहेत. पहिल्या चाचणीत अकाउंट्सला एकसष्ट पडले. म्हणजे पोरगं जिथं होतं तिथंच आहे, फक्त आता त्याला समोरचं कळतंय, आणि माझ्या मते बासष्ट टक्क्यांच्या पोराच्या कॉलेजाकडून तूर्त एवढंच मागायचं असतं. मास्तर रोज यावा, गाडी वेळेवर असावी, आणि विषय असा असावा की रात्री रडू येऊ नये. बाकीचं फ्लेक्सवाल्यांना लखलाभ.

आबा मात्र बदललेले नाहीत. उलट त्यांचा भाव वाढलाय. तालुक्यातले बाकीचे बासष्टवाले बाप आता त्यांना सोबत नेतात, शिपायाला विचारायला. त्यात ते खरोखर वाकबगार आहेत, तुमचं पोरगं असेल तर तुम्हीही न्या.

यंदा त्यांची धाकटी दहावीला आहे. तीही साठ-पासष्टातलीच, पण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट, त्यामुळं आबा आत्तापासूनच खुशीत. नवी फाइल आणलीय, या वेळी हिरवी. परवा पसंतीक्रमाचा विषय निघाला. मी म्हणालो, "आबा, हात जोडतो, पहिल्या ओळीत खरं काय ते लिहा." आबा माझ्याकडे झुकले. "खरंच लिव्हणार हाय सर. मागच्या टायमाला आपण खोटं लिव्हलं त्ये त्या वेबसाइटीनं वळखलंय. आवंदा ती म्हणंल, ह्यो गडी पुन्हा तसंच करणार. आन आपण सरळ खरं लिव्हून तिला फसवायचं."

मी हो म्हणालो. कारण काही का असेना, पहिल्या ओळीत बरोबर नाव जातंय. तुमच्या घरी कुणी दहावीला असेल तर तुम्हीही तेच करा. वेबसाइटला काय वाटेल याची काळजी आबा घेतील.